सहाशे सतराची उडी

५ जानेवारी, रविवार

नवी वही घेतली, आणि कारण लाजिरवाणं आहे. माझ्या कामाच्या वहीत, आकड्यांच्या दोन रांगांच्या मधे, परवा मी "आज अंतराचा फोन नाही" असं लिहिलं होतं आणि ते नेमकं बर्नाडेट मॅडमच्या नजरेस पडलं. मॅडम माझ्या गाइड. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "सौमित्र, हे कुठल्या एककात मोजायचं रे? घरचं लिहायचं तर वेगळी वही घे बाबा. ह्यात फक्त रेणू." म्हणून ही. मानपाडा रोडच्या दुकानात हीच एक शिल्लक होती. वर मांजराचं चित्र आहे.

वेगळ्या वहीत आधी ओळख लिहावी. वय पंचेचाळीस. ठाण्याला माजिवड्याजवळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पीएचडीचं नववं वर्ष. ह्या एप्रिलअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि मे महिन्यात मॅडम निवृत्त. तेव्हा जे काही व्हायचं ते आत्ताच.

विषय अतिशीत द्रव. काही द्रव न हलवता, सावकाश थंड केले तर गोठणबिंदूच्या खाली गेले तरी गोठत नाहीत. द्रवच राहतात, फक्त दाट होत जातात, मधासारखे, मग डांबरासारखे. आत प्रत्येक रेणू शेजाऱ्यांनी घेरलेला. जागच्या जागी थरथरत राहतो आणि क्वचित कधी शेजारी जरा सरकले तर बाहेर पडतो. ह्या सगळ्याचा ऊर्जेचा नकाशा काढला तर तो घाटमाथ्यासारखा दिसतो, दऱ्याच दऱ्या आणि मधे खिंडी. द्रव एका दरीत बसून असतो, खिंड सापडली की पुढच्या दरीत उतरतो. खिंड नक्की कशी ओलांडली जाते, एवढंच मला शोधायचं आहे. त्यासाठी संगणकात हजार रेणूंचा एक डबा केलाय. नऊ वर्षांपूर्वी हे सगळं अंतराला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तिने विचारलं होतं, "बाहेर पडल्यावर त्याला बरं वाटतं का?" मी हसलो होतो. उत्तर दिलं नव्हतं.

अंतरा माझी बायको, बँकेत आहे. आम्हाला मूल नाही. १८ ऑक्टोबरपासून ती कोपरला आईकडे आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पंधरा दिवसांसाठी गेली. सासूबाईंना आता औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही दिसतं. अंतरा अजून तिथेच आहे. भांडण काही नाही. ती अशी एका दिवसात, एक बॅग घेऊन गेली, त्याचंच मला नवल वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार

मी कॉलेजात असताना अंतरा घरी येऊन गेली. फ्रीजवर चिठ्ठी: "इडलीपात्र आणि शिवणयंत्र नेलंय. कणीक भिजवून ठेवलीय. दोन दिवसांत संपव." अक्षर पाहून इतका आनंद झाला की चिठ्ठी काढलीच नाही. लगेच चार पोळ्या केल्या, एकही गोल नाही.

थोडक्यात चुकामूक झाली. चार वाजता येणार हे कळवलं असतं तर मी प्रॅक्टिकल दुसऱ्या कुणाला दिलं असतं. तिला माझं वेळापत्रक पाठ आहे, गुरुवारी चारला मी कधीच घरी नसतो. घाईत विसरली असेल.

१२ जानेवारी, रविवार

जमेल त्या रविवारी कोपरला जेवायला जायचं असा आता नेम पडलाय. मानपाड्याहून रिक्षाने वीस मिनिटं. सासूबाई दारातच म्हणाल्या, "या जावईबापू. वाळलात हो." मग अंतराकडे वळून, "वाळलेत की नाही गं?" अंतराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नाही. शर्ट मोठा आहे."

जेवण झाल्यावर गॅलरीत उभे होतो तेव्हा तिने सांगितलं की तिला बढती मिळतेय. रत्नागिरीच्या शाखेची मॅनेजर. दहा मार्चपर्यंत काय ते नक्की करायचं.

"तू काय म्हणतोस?" तिने विचारलं.

"बघू या. प्रबंध एकदा जाऊ दे."

"बरं," ती म्हणाली. आत जाऊन तिने बडीशेप आणली.

परत येताना रिक्षात सगळा वेळ वाटत राहिलं की काहीतरी बोलायचं राहिलं. काय ते आठवेना. तिला बढती हवीच होती आणि मी अडवणारा नवरा नाही, हे तिला माहीत आहे. दहा मार्चला अजून आठ आठवडे आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

सापडलं!

दोनशे चाळीस तासांच्या गणनेत एक रेणू असा सापडला की ज्याने उडी मारली. सहाशे सतरा नंबर. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव जागच्या जागी थरथरताहेत आणि हा पठ्ठ्या एका क्षणात डब्याच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला. आणखी सहा जणांनी उड्या मारलेल्या दिसतात, पण ते लगेच परत आले, म्हणून त्यांना गोंधळ समजून गाळून टाकलं. सहाशे सतरा परतला नाही. पुस्तकांप्रमाणे खिंडी छोट्या छोट्या पावलांनी ओलांडल्या जातात. हे मात्र वेगळंच आहे. एवढा घेरलेला रेणू कसलीही चाहूल न देता एकदम निघून जातो!

घरात कुणीच नव्हतं. अंतराला मेसेज केला, मोठा, तीन परिच्छेदांचा. तिचं उत्तर आलं, "अरे वा! छानच. जेवलास का?"

जेवलो नव्हतो. "हो" लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आलेखांचं काम असल्यामुळे आज कोपरला जाणार नव्हतो, पण अंतराचा फोन आला की तिची सर्टिफिकेटांची फाइल आणि पासपोर्ट हवाय. लगेच निघालो. फाइल रिक्षात मांडीवर घट्ट धरून नेली, गचक्यांनी कागद निसटू नयेत म्हणून. तिने दारातच घेतली. "आत ये ना," म्हणाली, पण मी म्हटलं, गणना चालू ठेवून आलोय.

खाली उतरल्यावर वर पाहिलं. ती गॅलरीत उभी होती. हात हलवावा की नाही ह्या विचारात असताना रिक्षा मिळाली.

इथे खरं लिहायचं तर मला तिची आठवण येते. दिवसातून चार-पाचदा, जेवणासारखी, ठरल्या वेळी. सकाळी चहाचा दुसरा कप भरताना येते. बातम्या चालू असताना तिने टीव्हीशी भांडावं असं वाटतं. तिला घामाचा वास आवडत नाही म्हणून मी घरी आल्याआल्या अंघोळ करायचो, ती आता कुणासाठी करतो ते कळत नाही. रिक्षात बसलो की अजून उजवीकडे सरकून बसतो. रिक्षावाले शेअरिंगचा माणूस आहे समजून दुसऱ्याला घेतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद. घेतला तेव्हापासून इन्व्हर्टर फक्त संगणकाला जोडलेला आहे. "माझ्या मिक्सरचं काय?" अंतरा म्हणायची. आज इन्व्हर्टरही बंद पडला आणि सकाळी अकरा वाजता घरात एकदम शांतता झाली. नऊ वर्षांत बेडरूममध्ये हा संगणकाच्या पंख्याचा घुंघुं आवाज नाही असं झालंच नव्हतं. मला तो ऐकू येत नसे. अंतराला येत असे. गेल्या उन्हाळ्यात ती हॉलमध्ये झोपायला लागली. सकाळी गादी गुंडाळून ठेवायची. मी म्हटलं होतं, एप्रिलपर्यंतचा तर प्रश्न आहे. कुठला एप्रिल ते तिने विचारलं नाही.

वीज आली. गणना पुन्हा सुरू केली. काही बिघडलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सहाशे सतरा दाखवला. त्या बराच वेळ आलेख पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाताने काढलास का?"

ही मॅडमची जुनी पद्धत. कुठलाही रेणू पेपरात घालण्याआधी त्याची वाट आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने, एकेक बिंदू करून काढायची. ह्यापायी त्यांच्या हाताखालून तीन विद्यार्थी पळाले आहेत. मी म्हटलं, मॅडम, चारशे बिंदू आहेत, प्रोग्रॅम बरोबर आहे, तीनदा तपासलाय.

"प्रोग्रॅम बरोबर असेल. तू बरोबर आहेस का? हा सहाशे सतरा तुझा लाडका झालाय म्हणून विचारते. कोणी असं एकदम उठून जातं का रे? कधी पाहिलंयस?"

"पाहिलंय," मी म्हटलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, "घरी जाऊन कागद घे. रविवारपर्यंत काढून आण."

२३ फेब्रुवारी, रविवार

आलेखाचे कागद शोधायला कपाट उघडलं. माझ्या कप्प्यात नव्हते म्हणून अंतराचा उघडला. रिकामा. हे अपेक्षित होतं, ऑक्टोबरात ती बॅग भरून गेली. पण फळीवर बोट फिरवलं तर धुळीचा जाड थर. घरातली धूळ मला माहीत आहे, टेबलावर चार महिन्यांत किती बसते तेही. ही त्याच्या दुप्पट होती. म्हणजे हा कप्पा ती गेली त्याच्या कितीतरी आधी रिकामा झालेला होता. कपडे कुठे ठेवत होती मग? मला आठवेना. एका घरात राहून हे मला आठवू नये!

कागद माळ्यावर मिळाले. दहा वाजता बसलो आणि अडीच वाजता समजलं.

डब्याला भिंती नसतात. रेणू उजव्या कडेने बाहेर गेला की डाव्या कडेने आत आलेला धरतात, म्हणजे आत कायम हजारच राहतात. मात्र कोण कितीदा कड ओलांडून गेला त्याची नोंद ठेवावी लागते, नाहीतर एक पाऊल टाकलेला माणूस एकदम दुसऱ्या टोकाला दिसतो. मी तीन दिशांसाठी तीन ओळी लिहिल्या होत्या. तिसरी ओळ दुसरीवरून उचलली आणि आतलं अक्षर बदलायचं विसरलो. वर-खाली जाणाऱ्यांची नोंदच झाली नाही.

सहाशे सतरा कडेला येऊन उभा होता. रेणूच्या रुंदीच्या शंभराव्या भागाइतकाच सरकला. तेवढंच. उडी नाहीच.

गाळलेले सहा जणही असेच कडेवरचे निघाले. एक पाऊल पलीकडे, एक अलीकडे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमसमोर कागद ठेवला. वाटलं होतं ओरडतील. त्या पेन्सिलीच्या रेषेवरून बोट फिरवत बसल्या. "बघ," म्हणाल्या, "बघ किती सुंदर चाललाय."

खरंच, तेव्हाच नीट पाहिलं. सहाशे सतरा सुरुवातीपासून चालत होता. शेजारचा एक जण जरा बाजूला झाला की हा तितकाच सरकायचा. मग थांबायचा, बराच वेळ, जणू कोणी परत जागेवर येतंय का बघत. कोणी आलं नाही की पुढचं पाऊल. अशी एकोणतीस पावलं, सगळी एकाच बाजूला. मी फक्त तिसावं पाहिलं आणि तारीख लावून मोकळा झालो.

"एप्रिलला होणार नाही आता," मॅडम म्हणाल्या. "मी मुदतवाढीचं पत्र लिहिते. मी गेल्यावर दुसऱ्या गाइडकडे जावं लागेल तुला, पण काम आता कुठे सुरू झालंय. रडू नकोस."

मी रडत होतो हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. त्यांना वाटलं प्रबंधासाठी. मलाही तसंच वाटलं. कॉलेजच्या जिन्यात येईपर्यंत.

२ मार्च, रविवार

कोपरला गेलो नाही. भीती वाटली. दिवसभर ह्या वहीची मागची पानं वाचत बसलो. शिवणयंत्र. फाइल, तीही मीच नेऊन दिलेली. त्याआधी गादी. त्याआधी तो कप्पा. त्याच्याही आधी, दोन दिवाळ्यांपूर्वी, तिने मला एकदा विचारलं होतं की रविवारी नुसतं उपवनला तळ्याकाठी जाऊन बसू या का. मी म्हटलं होतं, पुढच्या रविवारी. तिने तेव्हाही "बरं" म्हटलं होतं.

१८ ऑक्टोबर ही तारीख चुकीची आहे. बरोबर कुठली ते माहीत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी नऊलाच कोपरला पोचलो. सासूबाईंनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "मी जरा समोरून मीठ आणते." मिठाची बरणी ओट्यावर भरलेली होती. चपला घालून गेल्या.

अंतरा आत पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. दारातच. आधी काही प्रस्तावना ठरवली होती, ती विसरलो.

"का?" तिने घडी थांबवली नाही. "जेवणाचे हाल होतात?"

"नाही. पोळ्या येतात मला आता."

"मग?"

मग मी सांगितलं. चहाचा दुसरा कप, टीव्ही, अंघोळ, रिक्षातली जागा. सगळं एका दमात, क्रम न लावता. कप्प्यातल्या धुळीचंही सांगितलं, आणि हे की ती जात होती ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मला दुसरं कामच काय येतं, हळू सरकणाऱ्या गोष्टी बघण्याशिवाय, आणि नेमकं तेच घरात केलं नाही.

ती पलंगावर बसली. हातातला ब्लाउज मांडीवर ठेवला.

"मी होकार कधीच दिलाय, सौमित्र. दहा जानेवारीला. तुला सांगितलं त्याच्या दोन दिवस आधी."

"पण दहा मार्च..."

"ती बँकेची तारीख नव्हती. तुझी होती. मी ठरवलेलं, दोन महिन्यांत तू काही बोललास तर नकार कळवायचा. म्हटलं, दोन महिने पुरतील ह्याला."

जे खरं होतं ते म्हटलं, "आज नऊ आहे."

ती हसायला लागली. मोठ्याने, पूर्वीसारखी, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "हो रे. नऊ आहे. वेळेत आलास."

"मग कळव नकार."

तिने डोळे पुसले. मांडीवरच्या ब्लाउजची घडी पुरी केली. "जानेवारीत मी तुझ्यावरच्या रागाने जाणार होते," ती म्हणाली. "फेब्रुवारीत रोज वाटायचं, आज फोन येईल. रोज. फाइल घेऊन आलास ना, त्या दिवशी गॅलरीत मी पंधरा मिनिटं उभी होते, तू परत वळशील म्हणून. मग एका दिवशी वाट बघणं संपलं आणि बघते तर मला खरंच जायचं होतं. शाखा माझी, माणसं माझी, खिडकीतून म्हणे खाडी दिसते. आता राग नाहीये. पण जायचंय."

"मला इतकी आठवण येते, हे..."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"वहीत लिहिलेलं."

"कुठल्या वहीत?"

"मांजराच्या."

तिने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई आल्या होत्या, हातात मीठ नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कुणालाही न विचारता तीन पानं मांडायला घेतली.

१६ मार्च, रविवार

आज कोपरला जाऊन तिची पुस्तकं खोक्यांत भरली. फार बोललो नाही. दुपारी ती जमिनीवर बसल्या बसल्याच खोक्याला टेकून झोपली. मी काही काम नसताना तासभर तिथे बसून राहिलो. झोपेत तिचा डावा पाय हलतो. अठरा वर्षं शेजारी झोपून हे मला माहीत नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी सातची रत्नागिरी एसटी, ठाण्याहून. काल पाडव्याला कोपरलाच राहिलो होतो. दोन बॅगा मी उचलल्या, तिसरी तिने उचलू दिली नाही. सासूबाई कालच म्हणाल्या होत्या, "मी स्टँडवर येणार नाही. तुम्ही दोघंच जा."

फलाटावर अंतराने मला विचारलं, प्रबंधाचं काय. मी सांगितलं की सगळं पुन्हा करतोय, हाताने, आता घाई नाही. "आणि तुला बरं वाटतंय का," मी विचारलं, "बाहेर पडून?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "भीती वाटतेय. पण हो."

कंडक्टरने घंटी मारली. ती चढली, खिडकीशी बसली, काच सरकवली. मी खालून काचेच्या चौकटीला धरलं. तिला थांबवायचं नव्हतं. नुसतंच धरलं.

"शनिवारी येऊ का?"

"विचारतोस काय असं? परक्यासारखं?"

"विचारतोय. आजवर विचारलं नाही म्हणून."

गाडी हलली. दोन पावलं मी सोबत चाललो. ती वाकून म्हणाली, "ये. पण तो डबा घेऊन येऊ नकोस. नुसता ये."

मी हो म्हटलं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही, म्हणून हातही हलवला, ह्या वेळी विचार न करता. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

शनिवारी जाणार. आज सोमवार आहे.